नारळावर सुटलेली शर्यत

साहेब अजून आले नव्हते, आणि दत्तारामचे पाय गार पडत चालले होते.

बोरिवली संपून घोडबंदर रस्ता जिथे मोकळा होतो तिथे, एका जुन्या चिंचेखाली आम्ही सगळे पहाटेपासून ताटकळत होतो. रस्त्यावर आडवी चुन्याची रेघ मारून झाली होती. उपनगरांतल्या चार-पाच मंडळांची पोरं सायकली गवतात टाकून चकाट्या पिटत होती. दत्ताराम तेवढा सायकल हातात धरून येरझाऱ्या घालत होता आणि मधूनच वाकून पोटऱ्या चोळत होता.

"विद्याधर, येतील ना रे हे?" त्याने मला विचारलं.

"येतील. वेळेवर आले तर साहेब कसले?"

"मस्करी नको रे. एकदा तापलेला अंग गार झाला ना, की माझी मांडी धरते."

"मग गरम ठेव. जा, दहिसरच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून ये."

"आणि तेवढ्यात साहेब आले तर?"

साहेब ज्या सायकल महासंघाचे, त्याच्याशी आमचा सगळा संसार असाच चालला होता. ते येतील तेव्हा आपण रेघेवर हजर असायचं, आणि ते कधी येतील हे विचारायचं नाही.

दत्ताराम अंधेरीच्या तार ऑफिसात तारवाला होता. मरोळपासून वर्सोव्यापर्यंत लोकांच्या दारी तारा पोचवायच्या, हे त्याचं काम. तारवाला दारात दिसला की घरातल्यांच्या काळजात धस्स होतं. तार उघडून नातू झाल्याचं कळलं तरी पहिल्यांदा माणूस त्याच्याकडे यमाकडे बघावं तसंच बघतो. "माझा तोंड बघून आजवर कोण हसला नाय," असं तो म्हणायचा. रविवारी मात्र तो स्वतःच्या सायकलवर बसायचा, आणि मग रस्त्याकडेची माणसं त्याला बघून टाळ्या वाजवायची. त्या टाळ्यांवर तो पुढचा आठवडा काढायचा. हे त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते माहीत होतं.

मी विमा कंपनीतला कारकून. सायकल मीही चालवायचो, पण माझ्या चालवण्याबद्दल न बोललेलंच बरं. आमच्या उपनगर सायकल मंडळाचा चिटणीस मी झालो तो बरं इंग्रजी लिहितो म्हणून. महासंघाला चार वर्षं मी ते बरं इंग्रजी लिहीत होतो आणि महासंघ ते न वाचता ठेवून देत होता.

महासंघाचं पूर्ण नाव अखिल हिंद चक्रगती महासंघ. नाव उच्चारतानाच निम्मी शर्यत संपावी! आम्ही त्यात शिरलो ते दत्तारामसाठी. त्याने एका रविवारी ठाण्याला जाऊन परत यायला जो वेळ घेतला, तो दिल्लीच्या अखिल भारतीय शर्यतीत पहिल्या आलेल्या गड्याच्या चालीपेक्षा सरस होता. आम्ही नाचलो. मी दिल्लीला लिहिलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की तुमचं मंडळ सभासद नसल्याने तुमची वेळ धरता येत नाही. आमच्या घड्याळात वाजलेलं त्यांच्या लेखी वाजतच नव्हतं.

"पोराचा नाव दिल्लीक पोचाक व्हया तर त्यांच्याच दारातसून जावक व्हया," काशीरामदादा म्हणाले आणि विषय संपला. काशीरामदादा म्हणजे आमच्या मंडळाचे वडीलधारे. गिरणी सोडून त्यांनी अंधेरीला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आणि आमच्यातल्या प्रत्येकाची सायकल त्यांच्याच हाताखालून गेलेली होती. ते म्हणाले म्हणून आम्ही सगळेच्या सगळे सभासद झालो.

सभासदांना काय काय मिळणार होतं! विलायती टायर सवलतीत. शर्यतीत इजा झाली तर औषधपाण्याला मदत. दरमहा मासिक. छातीवर लावायला बिल्ला. यातला बिल्ला तेवढा आला आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजला. मासिकाचा एक अंक आला. त्यात अध्यक्ष चहा पिताना, उपाध्यक्ष चहा पिताना आणि दोघे मिळून हार घालून घेताना असे फोटो होते. सायकल कुठेच नव्हती. टायर दिल्लीहून 'निघाले आहेत' असं आम्ही पोरासोरांची लग्नं होईपर्यंत ऐकत राहिलो. आमचा बाळा जोगेश्वरीला पडून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा महासंघाने कळवलं की तो सरावात पडला आहे, मदत फक्त शर्यतीत पडणाऱ्याला आहे. बाळाने विचारलं, "मग आता शर्यतीत जाऊन परत पडू काय?" तो प्रश्न मात्र मी इंग्रजीत लिहून पाठवला नाही.

एवढं सगळं गिळून आम्ही राहिलो ते एकाच गोष्टीसाठी. दिल्लीच्या शर्यतीला मुंबईतून एक गडी जाणार होता, आणि यंदा प्रथमच त्याची निवड आमच्या घोडबंदर रस्त्यावर होणार होती. आज जो पहिला येईल तो दिल्लीला. तिशी उलटलेल्याला महासंघ घेत नसे, आणि दत्तारामला येत्या शिमग्यात तीस पुरी होत होती. म्हणजे दत्तारामच्या आयुष्यात असा रविवार हा एकच होता.

साहेब आले तेव्हा ऊन रस्त्यावर चांगलं पसरलं होतं. मोटार होती घाटकोपरच्या मंडळाचे अध्यक्ष चंद्रप्रकाश वकील यांची. पुढे ते, मागे त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा नंदकिशोर आणि महासंघाचे मुंबई प्रतिनिधी मार्तंडराव. नंदकिशोरही शर्यतीत उतरणार होता. त्याची चकचकीत सायकल मोटारीच्या टपावर बांधली होती, आणि तिला तेच विलायती टायर होते जे आमच्याकडे यायला निघाले होते.

"माफ करा हं मंडळी," मार्तंडराव उतरता उतरता म्हणाले. "वकीलसाहेबांनी नाश्त्याचा फार आग्रह केला."

मार्तंडराव माणूस वाईट नव्हता. उमेदीत त्याने स्वतः शर्यती मारल्या होत्या, कप मिळवले होते. त्यामुळे आम्हाला वाटायचं, हा तरी आपल्यातला आहे.

"चला, सगळे रेघेवर या. सायकलवर बसून तयार राहा," ते म्हणाले. पोरं उठली. एकेका सायकलमागे एकेक जण सीट धरून उभा राहिला. दत्तारामची सीट मी धरली होती. त्याने पेडलवर बूट ठेवले आणि वरचे चामडी पट्टे आवळून घेतले.

आता इथे आमची रीत सांगायला हवी. आमची शर्यत नारळावर सुटते. शिट्टी नाही, निशाण नाही, एक-दोन-तीन नाही. काशीरामदादा मैलाच्या दगडाशी उभे राहून देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि गाऱ्हाणं संपलं की नारळ दगडावर आपटतात. पोरं तेव्हा मान खाली घालून पुढच्या चाकाकडे बघत असतात. नारळ फुटल्याचा आवाज कानावर पडला की पाय आपोआप पडतो. मंडळ स्थापन झालं त्या दिवसापासून हे असंच आहे, आणि आमच्याबरोबर रविवारी धावून धावून बाकीच्या मंडळांच्याही अंगवळणी ते पडलं होतं.

काशीरामदादा नारळ घेऊन उभे होते. मार्तंडरावांनी ते पाहिलं. ते हातातलं निशाण अजून काठीवरून सोडत होते.

"चला, तुमचं ते नारळ-बिरळ काय असेल ते उरकून घ्या," ते म्हणाले. "मग मी निशाण दाखवतो."

यातून काय होणार हे तिथल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

"बा देवा म्हाराजा," काशीरामदादांनी सुरुवात केली, "आज ही तुझी पोरा लांबच्या पल्ल्याक निघाली हत..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"त्येंच्या वाटेत काय इडापिडा असात ती दूर कर, आणि जसे जातले तसे सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, आणि माझ्या हातातली सीट निसटून गेली. एक झपाटा आला, धूळ उडाली, आणि बघतो तर रेघेवर कुणी नाही. एकूण एक सगळे सुटले होते. नंदकिशोरसुद्धा. मार्तंडराव गुंडाळलेलं निशाण हातात घेऊन उभे होते.

मग मार्तंडराव हसायला लागले. इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे, गेले की सगळे!"

काशीरामदादांनी जीभ चावली. "मेलंय! साहेबानु, सायकल घेवन जातंय, पुलार गाठून परत हाडूया?"

"जाऊ द्या हो. गेले ते गेले. सुटले सगळे एकदमच ना?" आणि त्यांनी आपलं घड्याळ बघून वेळ धरली. काशीरामदादांनी खोबरं फोडून वाटलं. मार्तंडरावांनी एक तुकडा खाल्ला आणि गोड आहे म्हणून दुसरा मागून घेतला.

थोड्याच वेळात नंदकिशोर सायकल खांद्यावर घेऊन चालत परत आला. दहिसरच्या पुढे त्याचं मागचं चाक बसलं होतं. वकीलसाहेबांचं तोंड उतरलं. त्यांनी मोटारीतून नवा टायर काढून दिला, पण आता त्याचा उपयोग काय? पोरगं मुकाट्याने मोटारीच्या सावलीत लेमन पीत बसलं. मला त्याची कीव आली. त्या दिवसातली कीव मी तिथेच खर्चून टाकली असं आता वाटतं.

दत्ताराम परत आला तो एकटा. लांबवर वळणाशी एक ठिपका दिसला, आणि त्याच्यामागे रस्ता रिकामा. त्याची बायको वनमाला आज पहिल्यांदाच शर्यत बघायला आली होती. ती चिंचेच्या बुंध्याआड उभी होती. तो रेघ ओलांडून गेला आणि आम्ही आरडाओरडा करत त्याच्यामागे धावलो, तेव्हा ती बाहेर आली. पदर तोंडाशी धरून ती हसत होती आणि रडतही होती.

मार्तंडरावांनी त्याचा हात हातात घेतला. "शाब्बास! अशी चाल बऱ्याच वर्षांत पाहिली नाही."

"दिल्लीला न्याल ना साहेब?" दत्तारामने विचारलं.

"आता कोण अडवतंय तुला?"

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

दत्तारामच्या पोटात पहाटेच्या पेजेशिवाय काही नव्हतं. वनमालाने पितळी डबा आणला होता. चिंचेखाली त्याला बसवून तिने भात वाढला, बांगड्याचं तिखलं वाढलं. तो जेवायला बसला आणि आम्ही त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलो.

"भावोजी, घेता काय तुम्ही?" वनमालाने मला विचारलं.

"त्यालाच घाला वहिनी. दिल्लीला नुसत्या रोट्या खायच्या आहेत."

"वाढ गो आणखी," दत्ताराम म्हणाला. तिने वाढलं. त्याने भात संपवला, वाटी तोंडाला लावून सोलकढी प्यायली, आणि झाडाला टेकून डोळे मिटले. शर्यतीत उतरणारा माणूस असा कधी जेवत नाही. शर्यत संपलेला माणूस जेवतो तसा तो जेवला.

मी उठून पाणी प्यायला गेलो तेव्हा मोटारीपाशी वकीलसाहेब आणि मार्तंडराव हळू आवाजात बोलत होते.

"मी तक्रार करत नाहीये, मार्तंडराव. फक्त विचारतोय. निशाण हललं का?"

"नाही, म्हणजे त्याचं असं झालं..."

"कसं का होईना. हललं का?"

"नाही."

"मग शर्यत सुटली केव्हा? दिल्लीला तुम्हाला सहीनिशी कळवावं लागतं ना, की निशाण मी दाखवलं म्हणून? तशी सही तुम्ही करणार असलात तर करा. मी आपला डोळ्यांनी पाहिलेलं सांगेन, कुणी विचारलं तर. आणि कुणी तरी विचारेलच."

माझं डोकं सणकलं. "वकीलसाहेब, तुमचा मुलगाही नारळावरच सुटला! टायर बसला नसता तर आठवलं असतं का तुम्हाला निशाण?"

"चिटणीससाहेब, आवाज चढवू नका," वकील शांतपणे म्हणाले. "नियम मी केलेले नाहीत. सभासद होताना तुम्हीही मान्य केलेत."

मी मार्तंडरावांकडे वळलो. "साहेब, तुम्हीच सांगितलंत नारळ उरकून घ्या. काशीरामदादा परत बोलवायला निघाले होते, तुम्ही नको म्हणालात. तुम्ही हसलात! खोबरं खाल्लंत!"

"नारळ फोडायला सांगितला होता, शर्यत सोडायला नव्हे," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघा, मला कळत नाही असं नाही. मीही सायकलीच चालवल्यात आयुष्यभर. पण दिल्लीची माणसं कशी आहेत तुम्हाला ठाऊक नाही. एवढ्या-तेवढ्यावरून माणसाला काढून टाकतात."

ज्यांना कळत नाही त्यांच्यावर मी कधी रागावत नाही. पण ज्यांना कळतं आणि तरीही जे खांद्यावर हात ठेवून अशी समजूत घालतात, त्यांचा मला त्या दिवसापासून मनस्वी तिटकारा आहे. त्या वर्षी परदेशी जाणाऱ्या चमूबरोबर व्यवस्थापक म्हणून मार्तंडरावांचं नाव होतं, हे मला मागाहून कळलं.

"मग आता?" मी विचारलं.

"एकच मार्ग आहे. उद्या सकाळी नाव कळवायचंय. शर्यत आत्ताच घेऊ. रीतसर."

"आत्ता? साहेब, पोरं ठाण्याला जाऊन आलीत!"

त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "माझ्या लेखी अजून कुणीच कुठे गेलेलं नाही."

चिंचेखाली जाऊन हे सांगायची पाळी माझ्यावर आली. आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग शिव्यांचा भडिमार सुरू झाला. बहुतेकांनी पाय ताणून गवतात अंग टाकलं होतं, ती सगळी उठून बसली.

"कोणी उतरू नका!" बाळा ओरडला. "वाट लावलीय साल्यांनी. घेऊ देत एकट्याला शर्यत!"

"नंदकिशोर एकटा धावला तरी पहिला येईल," मी म्हणालो. "आणि तोच जाईल."

काशीरामदादा मैलाच्या दगडावर बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. "मी काय ह्या करून बसलंय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्याच हातान पोराचा वाटोळा केलंय."

दत्ताराम झाडाला टेकून तसाच बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. समोर रिकामा डबा होता. वनमालाने झाकण हातात घेतलं होतं, ते लावायचं तिला सुचत नव्हतं.

"भावोजी, ह्यांका सांगा ना काय तरी," ती मला म्हणाली. "आत्ता जेवलेत हो. मी वाढला. दोनदा वाढला. माका काय म्हायत असा व्हतला!"

"तू गप रव," दत्ताराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग तो मला म्हणाला, "विद्याधर, शिमग्यानंतर मला कोण विचारणार?"

"कुणी नाही."

"आणि आज नाय उतरलो, तर जन्मभर मी हेच सांगत बसणार. निशाण हलला नाय, निशाण हलला नाय. चहाच्या टपरीवर बसून म्हाताऱ्यासारखा. लोक हसतील रे."

"दत्ता, पोट भरलंय तुझं. ऊन बघ."

"बघितला." तो उठला. उठताना त्याने झाडाचा आधार घेतला हे मी पाहिलं.

तेवढ्यात नंदकिशोर आमच्याकडे आला. पोराचा चेहरा लालबुंद झाला होता. "दत्तारामदादा, मी नाही उतरत. पाय मुरगळला म्हणून सांगतो. खरंच सांगतो."

दत्तारामने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. हो म्हणाला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. मी तर मनात म्हणत होतो, हो म्हण, बाबा, हो म्हण.

"तुझा टायर बसला त्यात तुझा काय दोष?" तो म्हणाला. "आणि तू खोटा बोललेला कळला तर हे मला तिसऱ्यांदा पळवतील. जा, सायकलवर बस."

चौघे-पाचजण कसेबसे रेघेवर आले. बाकीच्यांनी पाठ फिरवली. मी पुन्हा दत्तारामची सीट धरली. मघाशी सीट धरली तेव्हा त्याचं सगळं अंग तारेसारखं ताणलेलं होतं. आता त्याचं नुसतं वजन माझ्या हातावर होतं.

मार्तंडरावांनी निशाण काठीवर सोडलं, दोन पावलं पुढे टाकली, हात उंच केला आणि सगळ्यांना दिसेल असं हलवलं. सगळं अगदी रीतसर झालं. दत्तारामचं लक्ष चाकाकडे होतं. निशाण हललेलं त्याला दिसलं नाही. मी सीट ढकलली तेव्हा तो सुटला.

मग आम्ही वाट बघत बसलो. ऊन इतकं तापलं की चिंचेखालीही झळा लागत होत्या. बैलगाड्या, गवताचे ट्रक रेघेवरून गेले आणि तिच्यातला चुना पसरून गेला.

नंदकिशोर पहिला आला. मार्तंडरावांनी त्याचा हात हातात घेतला आणि शाब्बास म्हटलं. पोरगं कुणाकडे न बघता मोटारीत जाऊन बसलं. सायकल टपावर चढली. "बाकीचे आले की तुम्ही बघाल ना?" असं मार्तंडराव मला म्हणाले. जुहूला कुणाकडे तरी त्यांना जेवायला जायचं होतं. मोटार गेली.

पुढचं सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. नंदकिशोर दिल्लीला गेला आणि मधल्या घोळक्यात कुठेतरी आला. त्यानंतर त्याने सायकल सोडली असं ऐकलं. मार्तंडराव परदेशी जाऊन आले. महासंघाचं मासिक त्या वर्षी आम्हाला दुसऱ्यांदा आलं. त्यात ते कुठल्याशा पुलावर ओव्हरकोट घालून उभे होते.

त्या दुपारी मात्र आम्ही तिघंच उरलो होतो. मी, काशीरामदादा आणि वनमाला. दुसऱ्यांदा गेलेल्यांपैकी तीन पोरं एका गवताच्या ट्रकमध्ये सायकली घालून परत आली. त्यांनी सांगितलं की गायमुखाच्या चढावर दत्ताराम रस्त्याकडेला बसून ओकत होता. खाल्लेलं सगळं पडलं. त्यांनी त्याला ट्रकमध्ये चढ म्हटलं, तर तो म्हणाला, तुम्ही जा, मी सुटलोय तर पोचतो.

वनमालाने हे ऐकलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसली.

"माझ्यामुळा झाला रे सगळा," काशीरामदादा म्हणाले.

"दादा, आता परत बोललात तर मी निघून जाईन," मी म्हणालो. "नारळ तुम्ही फोडलात. हसलं कोण? जाऊ द्या कोण म्हणालं? त्या माणसाला रात्री झोप लागेल, आणि तुम्ही इथे डोकं धरून बसलात." मी ओरडतच होतो. माझा राग काढायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच. काशीरामदादांनी माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

सावल्या लांबल्या तेव्हा तो वळणावर दिसला. आम्ही उठून उभे राहिलो. टाळ्या कोण वाजवणार? सायकल इतकी हळू येत होती की आता पडते की मग पडते असं वाटत होतं, पण ती पडली नाही. तो सरळ बसला होता. दोन्ही हात दांड्यावर नीट होते. त्याच्या बनियनवर ओकारीचा डाग वाळला होता. चुन्याची रेघ आता अर्धीमुर्धीच दिसत होती. ती कुठे होती ते त्याने बघून घेतलं, तिच्यावरून सायकल नेली, आणि मग थांबला.

आम्ही दोन्ही बाजूंनी सायकल धरली.

"उतर रे दत्ता," मी म्हणालो.

"पाय निघत नाय," तो म्हणाला. बूट पेडलवर पट्ट्यांनी आवळलेले होते, आणि पट्टे सोडवायला वाकायचं तर कमरेत त्राण नव्हतं. हाताची बोटं वळत नव्हती. तो तसाच सीटवर बसून राहिला. आम्ही सायकल सोडली असती तर तिच्यासकट आडवा झाला असता.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवान ओरडू लागला. वनमाला पुढे झाली आणि भर रस्त्यात, मातीत गुडघे टेकून बसली. तिने त्याच्या एका बुटाचा पट्टा सोडवायला घेतला. चामडं घामाने फुगून घट्ट बसलं होतं. तिने नखांनी ओढून पाहिलं, मग दात लावले.

"उठ गो," तो हळूच म्हणाला. "लोक बघतत."

"बघूंदेत."

गाडीवान ओरडायचा थांबला. त्याने बैल रस्त्याच्या खाली उतरवले आणि गाडी आमच्या बाजूने काढून नेली. एक पट्टा सुटला. दत्तारामचा पाय लोंबकळत खाली आला. वनमाला उठली, सायकलच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि पुन्हा खाली बसली.